अर्धवट पेपरची पूर्ण गोष्ट

लोणारला तुम्ही एकदा तरी गेला असालच. शाळेच्या सहलीत, नाहीतर कॉलेजात आल्यावर मित्रांसोबत मेहकरवरून बाइक काढून. एमएच-२८ पाटीच्या गाड्यांना तो रस्ता पाठच आहे. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर अख्ख्या देशाने आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव गूगल केलं होतं.

आज त्याच काठावर मनाने जरा परत या. वरून काय दिसतं? मध्ये पाण्याचं गोल तबक, साधारण १.२ किलोमीटर व्यासाचं. सगळ्यात बाहेर विवराचा काठ, व्यास साधारण १.८ किलोमीटर. आणि पाणी व काठ यांच्या मधोमध झाडीचा एक पट्टा, कमळजादेवीच्या देवळासकट. ड्रोनमधून पाहिलं तर हा पट्टा एखाद्या रुंद, चपट्या बांगडीसारखा दिसेल.

आता एक खेळ खेळू. समजा, हा पट्टा रबराचा आहे. बाहेरचा काठ धरून तुम्ही तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा फिरवला. आतला, पाण्यालगतचा काठ बरोबर उलट दिशेने फिरवला. मधला भाग हवा तसा ताणा, वाकवा, पिळा. अटी दोनच. एक, कुठेही फाडायचं नाही किंवा घडी घालून एकावर एक चढवायचं नाही. दोन, पट्ट्यातल्या कुठल्याही तुकड्याचं क्षेत्रफळ बदलता कामा नये. शेताचा आकार लांबोडका झाला, वाकडा झाला तरी चालेल. सातबाऱ्यावरचे गुंठे तेवढेच राहायला हवेत.

प्रश्न असा: एवढी उलथापालथ झाल्यावर त्या पट्ट्यात अशी एखादी जागा उरेल का, जी होती तिथेच आहे?

तुम्हाला वाटेल, त्यात काय, सगळंच हलवून टाकू की! हलवून बघा. नाही जमणार. कितीही डोकं लढवा, किमान दोन जागा जागच्या जागी राहतातच. हे भाकीत १९१२ साली एका फ्रेंच गणितज्ञाने छापलं. गंमत म्हणजे, ते खरं आहे हे त्याला सिद्ध करता आलं नव्हतं. तरीही त्याने छापलं, आणि त्याच वर्षी तो गेला.

ही गोष्ट त्या माणसाची. नाव आंरी प्वँकारे.

फळा न दिसणारा टॉपर

२९ एप्रिल १८५४. पूर्व फ्रान्समधल्या नान्सी शहरात प्वँकारेचा जन्म झाला. वडील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक. घरात आई, धाकटी बहीण आलीन आणि पुस्तकं. त्याचा चुलतभाऊ रेमों पुढे फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष झाला. म्हणजे घर तसं खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं.

पण पाचव्या वर्षी त्याला घटसर्प झाला. आज आपल्याकडे बाळांना ज्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते, तोच. तेव्हा लस नव्हती. पोरगा वाचला, पण कित्येक महिने त्याचा आवाज गेला होता आणि पायांत बळ नव्हतं. धावण्या-खेळण्याच्या वयात तो बसून राहिला. वाचत राहिला.

नजरही अधू. वर्गात फळ्यावर काय लिहिलंय ते त्याला नीट दिसायचं नाही. मग हा गडी काय करायचा? नुसता ऐकायचा. समीकरणं कानांनी ऐकून डोक्यात मांडायचा. पुढे आयुष्यभर त्याची हीच सवय राहिली: आधी सगळं मनात रचायचं, मगच कागद घ्यायचा. चित्रकलेत मात्र तो शेवटपर्यंत कच्चा. आपल्या भाषेत सांगायचं तर चित्रकला हा त्याचा न सुटलेला बॅकलॉग! आणि याच माणसाने पुढे आकारांचं एक अख्खं नवं शास्त्र उभं केलं. आपण ज्याला टोपॉलॉजी म्हणतो, ते.

१८७०मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. नान्सी शहर शत्रूच्या ताब्यात गेलं. वडील जखमींवर उपचार करायचे आणि हा त्यांच्या हाताखाली मदत करायचा. फ्रेंच बातम्या मिळेनाशा झाल्या, तर त्याने जर्मन वर्तमानपत्रं वाचायला सुरुवात केली आणि त्यातून जर्मन शिकला. पुढे जर्मन गणितज्ञांचं काम वाचताना ती भाषा कामी आली.

१८७३ साली पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो पहिला आला. आपल्याकडच्या आयआयटीसारखीच तिथली चुरस.

दिवा क्रमांक ४७६

आता तुम्हाला वाटेल, मग थेट गणिताचा प्राध्यापक झाला असणार. नाही. पोलितेक्निकनंतर तो खाणींच्या शाळेत गेला आणि खाण अभियंता झाला. १८७९ साली पूर्व फ्रान्समधल्या व्हेसूल इथे त्याची पहिली नेमणूक झाली.

त्याच वर्षी ऑगस्ट संपता संपता माग्नी गावच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. डझनाहून जास्त कामगार मेले. तपासाची जबाबदारी या पंचविशीतल्या पोरावर. तो खाली उतरला. पुन्हा स्फोट होईल की काय, ही भीती असतानाच उतरला. चंद्रपूर-वणीकडे तुमचे नातेवाईक खाणीत असतील, तर त्यांना विचारा, असं खाली उतरणं म्हणजे काय असतं.

खाणीत सुरक्षा दिवे असायचे. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. ज्वाळा जाळीबाहेर जात नाही, म्हणून बाहेरचा वायू पेटत नाही. प्वँकारेने एकेक दिवा तपासला. दिवा क्रमांक ४७६च्या जाळीला एक भोक होतं, आणि त्या भोकाचा आकार कुदळीच्या टोकाशी जुळत होता. कुणाची तरी कुदळ चुकून दिव्याला लागली, ज्वाळेला बाहेर पडायला वाट मिळाली आणि खाणीतला वायू पेटला. त्याने अहवाल लिहिला तो पुराव्यापुरताच. जे दिसलं ते आणि त्यावरून जे ठरतं ते.

हा प्रसंग लक्षात ठेवा. ज्याचा पुरावा आहे तेवढंच ठामपणे सांगायचं, ही त्याची सवय आपल्याला पुन्हा दोनदा भेटणार आहे. एकदा ती मोडताना, आणि एकदा पक्की झालेली.

बसची पायरी

त्याच वर्षी त्याने डॉक्टरेट मिळवली आणि वर्ष संपायच्या आत कां शहरात गणित शिकवायला लागला. तिथे एका प्रश्नाने त्याला पछाडलं. विशिष्ट समीकरणांतून निघणारी एक नवी फलनं त्याच्या हाती आली होती, पण ती नेमकी काय चीज आहेत हे उलगडत नव्हतं.

मग खाण विभागाची एक सहल निघाली. भूगर्भाची पाहणी वगैरे. गणित डोक्यातून गेलं होतं. कुतांस नावाच्या गावी घोड्यांच्या बसमध्ये चढायला त्याने पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी उत्तर डोक्यात आलं: ही फलनं आणि युक्लिडच्या पलीकडची भूमिती एकाच घरातली आहेत! त्याने तिथे वही काढली नाही. आत जाऊन बसला, शेजाऱ्याशी चाललेल्या गप्पा पुढे चालू ठेवल्या. घरी परतल्यावर निवांत पडताळून पाहिलं. बरोबर होतं.

पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच हा किस्सा लिहिला, आणि त्यातून एक सरळ गोष्ट सांगितली. पायरीवरचा तो क्षण फुकट मिळालेला नव्हता. त्याआधी कित्येक दिवस डोकं आपटून झालं होतं. मेंदू नंतर गुपचूप काम करत राहिला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून पायरीवर पाय ठेवलात, तर फक्त बस मिळेल, हे वेगळं सांगायला नको!

त्याचा दिनक्रमही ऐकण्यासारखा आहे. सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ७. बास. चार तास गणित, बाकी वेळ डोक्याला मोकळीक. १८८१मध्ये तो पॅरिसला आला, त्याच वर्षी लग्न झालं. पुढे चार मुलं झाली, पुस्तकं झाली आणि शेकडो शोधनिबंध झाले.

राजाचं बक्षीस आणि मोठी चूक

१८८५ साली स्वीडनमध्ये एक स्पर्धा जाहीर झाली. राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, म्हणजे २१ जानेवारी १८८९ला, सर्वोत्तम गणिती निबंधाला सुवर्णपदक आणि २५०० क्रोनर मिळणार होते. दिलेल्या प्रश्नांपैकी एक असा: एकमेकांना ओढणाऱ्या अनेक ग्रहगोलांची चाल कायमसाठी सांगता येईल का?

सूर्य आणि पृथ्वी, दोघंच असतील तर न्यूटनचं गणित चोख चालतं. पण तिसरा गोल आला की सगळी घडी विस्कटते. मित्रांच्या ग्रुपसारखंच आहे हे. दोघांत जमतं; तिसरा आला की कोण कुणाकडे ओढला जाईल, सांगणं कठीण!

प्वँकारेने इथे एक युक्ती काढली, आणि ती समजून घ्या, कारण लोणारचं कोडं इथूनच निघतं. अवकाशातला पूर्ण मार्ग बघत बसू नका, तो म्हणाला. मध्ये एक पडदा धरा आणि ग्रह प्रत्येक फेरीत त्या पडद्याला कुठे भोसकून जातो, तेवढेच ठिपके मांडा. एसटी दिवसभर कुठे कुठे फिरली हे बघायला तिच्यामागे कोण धावणार? स्टँडवरच्या कंट्रोलरची नोंदवही बघितली की पुरे. आजचा ठिपका इथे, पुढच्या फेरीचा तिथे. प्रत्येक ठिपक्यावरून पुढचा ठिपका ठरवणारा एक नियम तयार होतो.

यात दोन सुंदर गोष्टी आहेत. एक: ठिपका पुन्हा त्याच जागी पडला, तर तो ग्रह त्याच वाटेने कायम फिरत राहणार. म्हणजे नियमाचा स्थिर बिंदू सापडला की एक कायमची कक्षा सापडली. दोन: घर्षण नसलेल्या या आकाशी यंत्रात, पडद्यावरच्या एखाद्या छोट्या तुकड्यातले सगळे ठिपके एका फेरीने पुढे नेले, तर तुकड्याचा आकार बिघडतो, पण योग्य मापाने मोजलेलं क्षेत्रफळ तसंच राहतं. आपला सातबाऱ्याचा नियम!

१८८९च्या जानेवारीत प्वँकारे जिंकला. फ्रान्सभर कौतुक झालं. निबंध एका मोठ्या नियतकालिकात छापायला गेला. छपाईच्या कामात मदत करणारा फ्रागमेन नावाचा पंचविशीतला तरुण प्रुफं वाचत होता. काही जागा त्याला कळेनात. त्याने विचारणा केली. प्वँकारे खुलासे लिहीत गेला, आणि लिहिता लिहिता त्याच्याच लक्षात आलं की दुसऱ्याच एका ठिकाणी आपण मोठी चूक केली आहे. दोन वक्र रेषा एकमेकींना व्यवस्थित जुळतात असं त्याने धरलं होतं. तसं मानायला पुरावा नव्हता. दिव्याला भोक नाही असं न तपासताच लिहून टाकल्यासारखं होतं ते.

१८८९च्या डिसेंबरमध्ये त्याने स्वतः संपादक मिताग-लेफ्लरला कळवलं. तोवर अंक छापून झाला होता, काही प्रती बाहेरही गेल्या होत्या. मिताग-लेफ्लरने त्या हळूच परत मागवल्या. गाजावाजा होऊ दिला नाही, राजाच्या बक्षिसाचा प्रश्न होता ना! पुनर्छपाईचा खर्च प्वँकारेच्या माथी आला: ३५०० क्रोनरहून जास्त. बक्षीस किती होतं? २५००. म्हणजे जिंकून खिशातले हजार गेले.

पण पुढे जे झालं ते भन्नाट आहे. चूक दुरुस्त करताना त्याला दिसलं की त्या दोन रेषा जुळत नाहीत, त्या एकमेकींना छेदतात, आणि एकदा छेदल्या की पुन्हा पुन्हा, अगणित वेळा छेदत राहतात. असं गुंतवळ तयार होतं की त्याचं चित्र काढणंही अवघड. (चित्रकलेचा बॅकलॉग आठवला का?) सुरुवातीच्या स्थितीत केसाएवढा फरक असला तरी पुढची वाट पार बदलते. आज आपण याला केऑस म्हणतो. १८९०मध्ये छापलेल्या नव्या, २७० पानी निबंधात ते आलं. फ्रागमेनचे त्यात आभार मानले आहेत. मात्र आधी काय आणि किती चुकलं होतं, हे वाचकांना सांगितलेलं नाही. ती गोष्ट बरीचशी झाकलेलीच राहिली.

शक्यतेचा हिशेब

प्वँकारेच्या आयुष्यातला आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. गणित कोर्टात गेलं तेव्हाचा.

फ्रेंच लष्करातल्या द्रेफ्युस नावाच्या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि त्याला जन्मठेप झाली. एका चिठ्ठीचं अक्षर त्याचंच आहे, हे पटवायला बर्तियों या पोलीस तज्ज्ञाने शक्यतांचं मोठं गणित मांडलं होतं. आकडे बघून लोकांचे डोळे दिपायचे. १९०४मध्ये कोर्टाने प्वँकारे, दार्बू आणि आपेल या तीन गणितज्ञांकडून त्याची तपासणी करून घेतली. त्यांनी ते सगळं गणित कुचकामी ठरवलं. मापं चुकीची घेतली होती आणि शक्यतेचे नियम चुकीचे लावले होते. १९०६ साली द्रेफ्युस निर्दोष सुटला.

आज व्हॉट्सअॅपवर टक्केवारी टाकून कुणी काहीही पटवतं, तेव्हा हा प्रसंग आठवा. आकडा आहे म्हणजे पुरावा आहे, असं होत नाही.

याच वर्षांत त्याने सापेक्षतेच्या गणितावर काम केलं, विज्ञानावर सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली आणि १९०४मध्ये आकारांबद्दल एक प्रश्न विचारून ठेवला. तो सोडवायला जग शंभर वर्षं झटलं. शेवटी रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमानने २००२-०३मध्ये तो सोडवला आणि त्यासाठीचं दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं.

शेवटचा पेपर

१९०८ साली रोमच्या गणित परिषदेत प्वँकारे आजारी पडला. त्याचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. प्रोस्टेटचा त्रास होता. तो पुन्हा कामाला लागला, पण वेळ मोजका आहे हे त्याला जाणवलं असावं.

तेव्हा त्याच्या डोक्यात लोणारसारखाच पट्टा होता. दोन वर्तुळांमधली जागा, कडा उलट्या दिशांना फिरणाऱ्या, क्षेत्रफळ राखलेलं. किमान दोन स्थिर बिंदू असणारच, अशी त्याची खात्री होती. हे खरं ठरलं तर तीन गोलांच्या प्रश्नात कायमच्या कक्षा एक-दोन नाही, अगणित निघणार होत्या.

स्थिर बिंदू ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. देवळालीचे कापरेकर गुरुजी आठवतात? शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ६१७४ ही संख्या शोधली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. प्वँकारेचं जन्मवर्ष १८५४ घेऊ: ८५४१ वजा १४५८ म्हणजे ७०८३. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. ती संख्या जागची हलत नाही. त्याचं मृत्युवर्ष १९१२ स्वतः करून बघा, तेही तीन पायऱ्यांत तिथेच पोचतं. योगायोग, पण छान योगायोग!

आता लोणारचा सोपा प्रकार बघू. तळ्याच्या केंद्रातून काठापर्यंत एक सरळ रेघ ओढा. तिच्यावरचा पाण्यालगतचा बिंदू एका बाजूला सरकतो, काठावरचा दुसऱ्या बाजूला. मग मध्ये कुठेतरी असा बिंदू असणारच, जो कुठल्याच बाजूला जात नाही, फक्त त्याच रेघेवर आत किंवा बाहेर सरकतो. समजा, प्रत्येक रेघेवर असा नेमका एकच बिंदू आहे. ते सगळे जोडले की तळ्याभोवती एक वेढा तयार होतो.

रबर हलवल्यावर हा वेढा नव्या जागी जाईल. नवा वेढा पूर्णपणे जुन्याच्या बाहेर असू शकतो? नाही. तळं आणि वेढा यांच्यातली जमीन वाढली असती, गुंठे बदलले असते. पूर्णपणे आत? तेही नाही, गुंठे घटले असते. म्हणजे दोन्ही वेढे एकमेकांना भेटणारच. एकीकडे बाहेर गेलेला दुसरीकडे आत यायलाच हवा, म्हणून किमान दोन ठिकाणी भेटणार. आणि भेटीच्या जागेवर जो बिंदू येऊन बसला, तो आपल्याच रेघेवरून सरकून आला असणार. पण त्या रेघेवर वेढ्याचा बिंदू एकच आहे, आणि तो तिथलाच. म्हणजे तो हललाच नाही! झाले दोन स्थिर बिंदू.

दुसरी अट का हवी, हेही बघा. गुंठे बदलायला परवानगी असती, तर दोन्ही कडा सोडून मधलं सगळं थोडं थोडं काठाकडे ढकलून दिलं असतं आणि एकही जागा जागेवर राहिली नसती.

सोपं वाटलं ना? पण पीळ फार विचित्र असेल, तर एकाच रेघेवर असे तीन-पाच-सात बिंदू येतात, वेढा घड्या घालतो आणि वरचा युक्तिवाद कोसळतो. प्वँकारे दोन वर्षं याच्याशी झुंजला. एकेक खास प्रकार घेऊन बघितला. प्रत्येक वेळी विधान खरं निघालं. सगळ्या प्रकारांना लागू पडणारी सिद्धता मात्र हाती लागली नाही.

१९११च्या डिसेंबरमध्ये त्याने पालेर्मोच्या एका गणित नियतकालिकाच्या संपादकाला, गुचियाला, पत्र लिहून विचारलं: असं अपुरं काम तुम्ही छापाल का? आपल्या वयात हे पुन्हा हाती घेऊन पूर्ण करता येईल याची त्याला खात्री नव्हती, आणि एवढी मेहनत कुणाच्या उपयोगी न पडता वाया जावी हेही त्याला नको होतं.

विचार करा. हा जगातला सगळ्यात नावाजलेला गणितज्ञ. फ्रेंच अकादमीचा सदस्य. बावीस वर्षांपूर्वी त्याची चूक गुपचूप मिटवली गेली होती. आता लपवायचं म्हटलं असतं तर काम आणखी सोपं होतं, कागद टेबलाच्या खणात ठेवला की झालं. कुणाला कळलंही नसतं. पण त्याने उलट केलं. हे मला वाटतं, इतक्या प्रकारांत तपासलं, इथे अडलो, पुढे जमलं नाही, असं जाहीर छापलं. १९१२मध्ये पेपर आला.

९ जुलै १९१२ला त्याची शस्त्रक्रिया झाली. सुधारणा दिसत होती, पण १७ जुलैला रक्ताची गुठळी अडकली आणि तो गेला. वय ५८.

पुढे कुणीतरी येतं

अमेरिकेत जॉर्ज डेव्हिड बर्कहॉफ नावाचा २८ वर्षांचा गणितज्ञ होता. त्याने तो अर्धवट पेपर वाचला. प्वँकारेला जाऊन काही महिने होतात न होतात तोच, ऑक्टोबर १९१२मध्ये त्याने सिद्धता मांडली. १९१३च्या जानेवारीत ती छापून आली. पानं किती? नऊ. ज्याच्यासाठी एका दिग्गजाची दोन वर्षं गेली, ते नऊ पानांत.

तुम्ही म्हणाल, मग प्वँकारे हरला का? अजिबात नाही. प्रश्न त्याचा, मांडणी त्याची, कुठे अडतं हे दाखवणारी पाटीही त्यानेच लावलेली. बर्कहॉफचं कामही लगेच पूर्ण झालं नव्हतं बरं का. दुसऱ्या स्थिर बिंदूच्या बाबतीत त्याच्या युक्तिवादात उणीव होती, ती त्याने १९२०च्या दशकात भरून काढली. आज हे प्रमेय दोघांच्या जोडनावाने ओळखलं जातं: प्वँकारे-बर्कहॉफ. पुढे रशियात आर्नोल्डने १९६०च्या दशकात त्यावरून आणखी मोठा प्रश्न विचारला, जर्मनीच्या फ्लोअरने १९८०च्या दशकात त्यासाठी नवीच हत्यारं घडवली, आणि ते काम आजही चालू आहे.

आणि आता पुन्हा लोणार. ज्या दगडाने ५०-६० मीटर नाही, दीडशे मीटरच्या आसपास खोल खड्डा पाडला, तसे पृथ्वीजवळ येणारे बहुतेक दगड मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून निघतात. त्या पट्ट्यात काही जागा रिकाम्या आहेत. गुरूची एक फेरी होईपर्यंत ज्यांच्या बरोबर तीन फेऱ्या होतील, त्या अंतरावर लघुग्रह जवळजवळ नाहीत. तिथे गुरूचे झटके ठरावीक तालात बसत राहतात, वाट केऑसमध्ये सापडते आणि दगड आतल्या ग्रहांकडे भिरकावले जातात. उलट, गुरूच्या दोन फेऱ्यांत तीन फेऱ्या घेणारे हिल्डा गटाचे लघुग्रह त्याच गुरूच्या तालावर सुखरूप फिरत आहेत. पडद्यावर ठिपके मांडले की हेच दिसतं: स्थिर बिंदू जोडीने येतात. एकाभोवती शांत बेट, दुसऱ्याजवळ ते न काढता येणारं गुंतवळ. कोण बेटावर राहणार आणि कोण भिरकावलं जाणार, हे समजून घ्यायची सुरुवात प्वँकारेच्या पडद्यापासून झाली.

तेव्हा पुढच्या वेळी लोणारला गेलात की सेल्फी काढाच. मग दोन मिनिटं थांबून त्या झाडीच्या बांगडीकडे बघा आणि मनातल्या मनात तिला पीळ द्या. दोन जागा हलणार नाहीत, हे आता तुम्हाला माहीत आहे, आणि का ते मित्राला मातीत रेघ ओढून समजावताही येईल.

आणि हो, तुमच्या वहीत एखादं अर्धं सुटलेलं गणित, अडकलेला प्रोजेक्ट, न जमलेलं प्रॅक्टिकल असेल, तर ते फाडून टाकू नका. कुठपर्यंत आलो आणि नेमकं कुठे अडलो, हे स्वच्छ अक्षरात लिहून सरांना दाखवा, मॅडमना दाखवा, शेजारच्या बाकावरच्याला दाखवा. त्याच्या नऊ पानांना तुमच्याच त्या अडलेल्या ओळीची गरज असू शकते.